ला पाझ–असुन्सिओन: गाडी नाही

विमानाला ते गाडी म्हणायचे. विमानतळाला स्टँड आणि पायलटला ड्रायव्हर. एकदा लंचच्या टेबलावर टीममधल्या एका नागपूरकराने विचारलं, "काका, मग कंडक्टर कोण यार?" डब्यातली पोळी मोडत ते म्हणाले, "विनावाहक आहे. तिकिटं स्टँडवरच फाडून घेतात. कधी बसलात का नाही तुम्ही?"

अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यांचे काका होते. पासष्टी ओलांडलेली, बाह्यांना कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. कऱ्हाडकडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. म्हणजे कुठली गाडी किती वाजता सुटणार आणि किती वाजता पोचणार, हे ठरवणारा माणूस. काकू गेल्यावर एकुलत्या एक मुलीने त्यांना इकडे आणलं. मुलगी माझ्या बायकोच्या ओळखीची. मराठी मंडळाच्या कुठल्याशा कार्यक्रमात मला म्हणाली, "बाबा दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या गाड्या कधी गेल्या, कधी आल्या ते बघतात. तुमच्याकडे काहीतरी काम असेल तर बघा ना, प्लीज."

काम होतं. 'ह्या शहरापासून ते शहर किती लांब, विमानाला किती वेळ लागतो' अशी पानं तुम्ही फोनवर पाहिली असतील. ती आम्ही बनवायचो. ती कुणी बसून लिहीत नाही. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सरळ रेषेतलं अंतर काढायचं, त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. झालं पान. तो प्रोग्रॅम माझा होता आणि टीमचा लीडही मीच होतो. तयार झालेली पानं एकेक करून डोळ्याखालून घालायला माणूस हवा होता. काकांना कॉन्ट्रॅक्टवर घेतलं. युरोप-आशिया दुसऱ्यांनी आधीच वाटून घेतले होते, म्हणून त्यांच्या वाट्याला दक्षिण अमेरिका आली.

पहिल्या दिवशी तासाभरात ते माझ्या डेस्कशी येऊन उभे राहिले.

"साहेब, ह्या ब्वेनोस आयरेस–मोन्तेविदेओला दिवसाच्या फेऱ्या किती?"

"ते आपण देत नाही काका. फक्त अंतर आणि वेळ."

"फेरी माहीत नाही, मग वेळ कुठून काढली?"

"अंतरावरून."

नव्या उमेदवाराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अंतर जमिनीचं असतं," ते म्हणाले. "वेळ गाडीची असते."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की माझी मुलगी घरी त्याची नक्कल करायची. कऱ्हाड–चिपळूण नकाशावर बघा, आत्ता पोचाल असं वाटतं. आणि कुंभार्ली घाटात एक ट्रक आडवा झाला की? मी म्हणायचो, विमानाला घाट नसतो काका. "असं कोण म्हणालं?" ते म्हणायचे. एका सकाळी ते घाईघाईने आले, चेहरा उजळलेला. रात्रभर काहीतरी वाचून आले होते. ला पाझचा विमानतळ चार हजार मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे विमानाला लांब धावावं लागतं, कधीकधी वजनही कमी घ्यावं लागतं. "घाटमाथ्यावरचा स्टँड आहे हो!" ते म्हणाले. "चढाला भार कमी घ्यायचा. अगदी आपल्यासारखंच!" परक्या मुलखात गाववाला भेटल्यासारखा त्यांना आनंद झाला होता. त्यांनी क्युबिकलच्या भिंतीवर दक्षिण अमेरिकेचा मोठा नकाशा लावला आणि अँडीज पर्वतावर तपकिरी पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या. एसटीच्या नकाशात घाट तसे दाखवत असत म्हणे.

ते एअरलाइन्सना फोन करायचे. हे त्यांच्या कामात नव्हतं. लंचनंतर स्पीकर लावून, हातात पेन धरून बसायचे. "मॅडम, आय अॅम नॉट पॅसेंजर. आय अॅम ओन्ली आस्किंग. फ्रॉम कीतो टू असुन्सिओन, एनी डायरेक्ट?" पलीकडची बाई तारीख विचारायची. "एनी डेट मॅडम. गोइंग ओन्ली. नो कमिंग." आजूबाजूचे आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. बाईने शेवटी 'नो सर, विथ वन स्टॉप' असं सांगितलं की ते 'थँक्यू, व्हेरी करेक्ट' म्हणून फोन ठेवायचे.

घरून ऑफिसला ते बसने येत. मुलगी सोडायला तयार होती, पण त्यांना बसच हवी. तीन आठवडे त्यांनी ती बस रोज किती उशिरा येते ते लिहून ठेवलं. मग एका कागदावर त्या मार्गाचं नवं वेळापत्रक आखून ड्रायव्हरच्या हातात दिलं. कुठल्या सिग्नलला किती मिनिटं जातात, कुठल्या थांब्यावर वॉकर घेऊन चढणाऱ्या आजीबाई असतात, सगळं धरून. ड्रायव्हर उंचापुरा माणूस. त्याने तो कागद स्टीअरिंगशेजारी चिकटवला आणि तेव्हापासून काका चढले की तो ओरडायचा, "मॉर्निंग, बॉस! हाऊ लेट अॅम आय?" काका घड्याळ बघून खरं ते सांगायचे. दोन मिनिटं असेल तर दोन. एकदाही त्याचं मन राखायला एक म्हणाले नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती टाळायला म्हणूनच हे सगळं आधी लिहिलं, असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही.

आमच्या पानांवर अशीही शहरं होती की ज्यांच्यामध्ये थेट विमान जातच नाही. प्रोग्रॅमला त्याचं काही नव्हतं. अंतर आहे, भागिले आठशे, वेळ तयार. काकांना हे सहनच व्हायचं नाही. "गाडीच नाही, तर वेळ कसली? गाडी नाही असं लिहा!" मी मॅनेजरला विचारलं. मॅनेजर अमेरिकन, सरळ माणूस. तो म्हणाला, आकडा नसलेलं पान कुणी उघडत नाही, राहू दे आकडा. मी परत येऊन काकांना सांगितलं, तूर्तास राहू द्या.

पण पान 'बरोबर' अशी टिक केल्याशिवाय स्क्रीनवर पुढचं पान यायचंच नाही. तीही माझीच करामत.

"म्हणजे चुकीचं असलं तरी बरोबर म्हणायचं?" काकांनी विचारलं.

"नुसतं पुढचं पान उघडायला, काका. टिक मारा, आणि शेरा वेगळा लिहून ठेवा. मी बघतो."

'मी बघतो' हे मी म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी ते ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून लाल कापडी पाठीचं लांब रजिस्टर घेऊन आले. लाल पेनाने रकाने आखले: मार्ग, अंतर, छापील वेळ, शेरा, वरिष्ठांची सही. सगळं मराठीत, गोल टपोऱ्या अक्षरात. दर शुक्रवारी चार वाजता ते माझ्यासमोर उघडून ठेवायचे. मी पहिल्यांदा सवयीने इंग्रजी सही करायला गेलो, तर म्हणाले, "मराठीत करा, साहेब. रजिस्टर मराठी आहे." शाळा सुटल्यापासून मी मराठीत सही केली नव्हती. नावाचं पहिलं अक्षर काढून एक रेघ ओढली. तीच पुढे चालू राहिली.

सुरुवातीचा एक महिना मी शेरे खरंच वाचले, चार-पाच पानं दुरुस्तही केली. मग नुसत्या सह्या. सोमवारी ते विचारायचे, "शुक्रवारच्या शेऱ्यांचं काय झालं?"

"वर पाठवलेत, काका."

काहीही वर गेलेलं नव्हतं.

मग एक दिवस ते प्रकरण झालं. आमची पानं विकत घेऊन आपल्या साइटवर लावणारी एक ट्रॅव्हल कंपनी होती. तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारं जोडपं बोलिव्हिया बघायला गेलं होतं. त्यांच्या मुलाचं लग्न पाराग्वेत, असुन्सिओनला. पानावर त्यांनी वाचलं होतं: ला पाझ ते असुन्सिओन, साधारण चौदाशे सत्तर किलोमीटर, विमानाने दोन तास वीस मिनिटं. दोन-अडीच तासांचा तर प्रवास, सकाळी निघून दुपारच्या लग्नाला पोचू, म्हणून त्यांनी ह्या शेवटच्या टप्प्याचं तिकीट तिथे जाऊनच काढायचं ठरवलं. तिथे गेल्यावर कळलं, थेट विमान नाही. एका ठिकाणी बदलायचं, आणि पुढच्या विमानात जागा दुसऱ्या दिवशीची. मुलाचं लग्न हुकलं. आईने लिहिलेली तक्रार आमच्यापर्यंत आली. साधी, अर्ध्या पानाची. शिवीगाळ वगैरे काही नव्हती.

मीटिंगला आम्ही तिघं: मॅनेजर, काका आणि मी. काका रजिस्टर काखेत घेऊन आले होते. त्यांना ते आणायला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरने स्क्रीनवर ते पान दाखवलं. पानावर काकांची टिक होती. हे तुम्ही अप्रूव्ह केलं का, त्याने विचारलं.

"येस सर. टिक इज माइन," काका म्हणाले. "बट रिमार्क इज हिअर." त्यांनी रजिस्टर उघडलं, नेमक्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही मॅनेजरकडे फिरवली. मॅनेजरने बघितलं. मग वही माझ्याकडे सरकवली. "व्हॉट डझ इट से?"

त्या खोलीत ते वाचता येणारे दोघंच होतो, आणि त्यातल्या एकावर आळ होता. लिहिलं होतं: 'ला पाझ–असुन्सिओन. थेट गाडी नाही. मध्ये बदलावी लागते. वेळ छापू नये.' शेजारी माझी सही.

मी गोंधळलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. गोंधळलो नव्हतो. ओळ मी दोनदा वाचली. माझी ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्या हातात होती. त्या तिमाहीत आधीच दोघांना घरी पाठवलं होतं. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा, पाचवीतल्या मुलीला घेऊन. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय, की आता ती फक्त लिहून ठेवतो. ती सगळी खरी आहेत. आणि त्यातल्या एकानेही त्या ओळीचा अर्थ बदलत नाही.

"इट सेज चेक्ड," मी म्हणालो. "डिस्टन्स अँड टाइम ओके."

मॅनेजरने माझ्या सहीवर बोट ठेवलं. "अँड धिस?"

"हिज इनिशियल्स."

काकांना इंग्रजी कळायचं. बोलायला अडखळायचे, पण कळायचं सगळं. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. यायची वेळ झालेल्या गाडीच्या रस्त्याकडे बघावं तसे. तुम्हाला काही सांगायचंय का, मॅनेजरने त्यांना विचारलं. त्यांनी आणखी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग रजिस्टर मिटून आपल्याकडे ओढून घेतलं.

"नो सर."

त्या शुक्रवारी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. त्यांच्या सामानाचा खोका मीच खाली नेला. नकाशा काढू का म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या. पुढच्या माणसाला लागेल." मुलगी कार घेऊन आली होती. काका पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला. काच खाली होती. खोका मागे ठेवून मी वळलो, तर तिने हळूच विचारलं, "काय झालं हो नक्की? मला काही सांगतच नाहीयेत."

इथे मला मॅनेजर नव्हता, फाइल नव्हती, काही नव्हतं. मी म्हणालो, "बघायचं राहिलं बहुतेक. न बघता टिक मारली गेली. वय आहे, होतं असं."

पुढच्या वर्षी माझं कार्ड आलं. मी ती कंपनी सोडली. ते पान अजून आहे. अधूनमधून उघडून बघतो. दोन तास वीस मिनिटं.

काकांची खबर बायकोकडून कळायची. आधी त्यांच्याकडून गोळ्यांची डबी भरायचं काम गेलं. मुलगी भरू लागली. मग नातीला पोहायला नेण्याचं. मग गॅसवरचा भरवसा. त्यांनी बंद केला की मागून नात जाऊन बघून यायची. 'बघितलंत ना नीट, बाबा? नक्की ना?' हे त्या घरात दर तासाला ऐकू येई, माझी बायको सांगायची. ती हसून सांगायची, कारण तिलाही मी तेच सांगितलं होतं, जे काकांच्या मुलीला सांगितलं.

गेल्या दिवाळीत मंडळाच्या जेवणाला काका आणि त्यांची मुलगी आली होती. पंगतीत कुणीतरी काकांना विचारलं, ह्या बासुंदीत काजू आहेत का हो, माझ्या मुलाला अॅलर्जी आहे. काका वाकून बघू लागले, तेवढ्यात मुलगी मोठ्याने म्हणाली, "अहो, बाबांना नका विचारू! ते कशालाही टिक मारतात!" सगळे हसले. काकाही हसले. पंच्याहत्तरीला आलेला माणूस, वाटी हातात धरून. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ऑफिसात ते कधी हसत नसत.

तरी मला आणखी तीन आठवडे लागले. एका रविवारी दुपारी फोन न करता गेलो. मुलीने दार उघडलं, खूश झाली, चहा टाकला. काका खिडकीशी बसले होते. "या साहेब," ते म्हणाले. नात सोफ्यावर फोन घेऊन पडलेली. चहा समोर आला आणि तो हातात घ्यायच्या आधीच मी बोलायला लागलो, नाहीतर बोललोच नसतो. टिक मारा असं मीच सांगितलं होतं, तिथून सुरुवात केली. शेरा, सही, मीटिंग. मी काय वाचलं आणि काय सांगितलं. कारपाशी काय बोललो. क्रमाने सगळं सांगितलं.

"वेट," नात उठून बसली. "सो आजोबा वॉज राइट?"

तिची आई उभी राहिली होती.

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं मी ह्यांच्या मागे मागे जाऊन..." ती थांबली. तिला ओटा, गोळ्या, गॅस, काय काय आठवत असेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही निघा आता."

"चहा होऊ दे त्यांचा," काका म्हणाले.

मी कप उचलला. उचलल्यावर विचारायचं धाडस आलं. "काका, तुम्ही तिथल्या तिथे का नाही बोललात? तुम्हाला कळत होतं मी काय सांगतोय ते."

"कळत होतं की." त्यांनी थोडा विचार केला, एखाद्या जुन्या फेरीची वेळ आठवावी तसा. "तुम्ही ओळ दुसऱ्यांदा वाचायला घेतलीत. मला वाटलं, नीट वाचताहेत. म्हणून मी थांबलो. मग तुमचं वाचून झालं."

मुलगी त्यांच्यासमोर जाऊन बसली, खाली गालिच्यावर. "आणि मला, बाबा? घरी आल्यावर मला का नाही सांगितलंत?"

"मी गाडीतच बसलो होतो," काका म्हणाले. "तू त्यांना विचारलंस."